टाका पुन्हा पुन्हा का पिकतो? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा लागला की सिझरच्या टाक्यांची पत्रं वाढतात. हवेत ओल, वाळत न घातलेले टॉवेल, घरात पाहुण्यांची ये-जा, आणि बाळंतिणीला प्रत्येकाचा वेगळा सल्ला. या वेळी अशीच सहा पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातली चूक फार ठिकाणी होते.

प्रश्न : सिझर होऊन ११ आठवडे झाले. दहाव्या दिवशी टाक्याच्या डाव्या टोकाला पू झाला. ५ दिवस गोळ्या घेतल्या, बरं वाटलं. महिन्याभराने तिथेच बारीक फोड आला, फुटला, लस आली. पुन्हा गोळ्या. आता तिसऱ्यांदा तेच चाललंय. तिन्ही वेळा गोळ्या वेगळ्या होत्या. ताप नाही, साखर नॉर्मल आहे. सासूबाई म्हणतात, दही-ताक खाल्लंस म्हणून पिकतंय. (लालबाग)

उत्तर : दही खा, ताक प्या. आंबटाने टाका पिकत नाही.

तुमच्या पत्रातले महत्त्वाचे शब्द ‘तिथेच’ आणि ‘तिसऱ्यांदा’ हे आहेत. नवा जंतुसंसर्ग दर खेपेला नेमका तीच जागा शोधत येत नाही. त्या टोकाखाली काहीतरी उरलेलं आहे. गोळ्यांनी आजूबाजूची सूज ओसरते, उरलेलं तसंच राहतं, आणि गोळ्या संपल्या की पू पुन्हा वर येतो. म्हणून चौथा कोर्स सुरू करण्याआधी खाली काय आहे ते शोधायला हवं.

पहिला संशय धाग्यावर. सिझरमध्ये कातडी, चरबी, त्याखालचा पांढरा चिवट पडदा, पोटाचं आतलं अस्तर आणि गर्भाशय असे थर उघडतात. पोटाचा भार पेलतो तो पांढरा पडदा, त्यामुळे तो जाड धाग्याने शिवतात आणि टोकाला भक्कम गाठ मारतात. तुमचा पू टोकालाच आहे, हे लक्षात घ्या. जंतू धाग्यावर चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. व्हिक्रिलसारखा धागा साधारण ५६ ते ७० दिवसांत विरघळतो. तुमचे ७७ दिवस झालेत. तेव्हा तो धागा महिनोन्महिने टिकणारा पीडीएस किंवा कधीच न विरघळणारा प्रोलीन आहे का, हे कळायला हवं. ते ऑपरेशनच्या नोंदीत असतं. डिस्चार्ज कार्डावर नसेल तर लेखी अर्ज करून कागद मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. धागाच कारण असेल तर जागा बधिर करून तो काढतात आणि बहुतेक वेळा तोंड मग आपोआप मिटतं. भोकातून धाग्याचं टोक दिसलं तरी घरी चिमट्याने ओढू नका. वरचा तुकडा हातात येतो आणि गाठ आत राहते.

दुसरा संशय पोकळीवर. चरबीच्या थरात रक्त किंवा लस साचून कप्पा तयार होतो, वरचं तोंड बारीक राहतं, आणि कप्पा भरला की फुटतो. हे कातडीखालच्या भागाच्या सोनोग्राफीत दिसतं. फॉर्मवर ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढंच लिहिलं असेल तर यकृत-मूत्रपिंड बघून रिपोर्ट येतो आणि टाका राहून जातो. ‘टाक्याच्या जागेखालचा भाग’ असं लिहून घ्या.

तिसरा संशय थोडा आडवळणाचा, पण आपल्याकडे विसरून चालणार नाही असा. क्षयाच्या जंतूंचे काही भाऊबंद पाण्यात आणि मातीत राहतात. अशुद्ध पाण्याशी संबंध आलेल्या उपकरणांतून ते जखमेत शिरतात. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, कडक गाठी येतात, त्या फुटून पातळ लस वाहते, ताप नसतो, आणि नेहमीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट येतो. खरं तर वाढ असते, फक्त त्या जंतूंसाठी वेगळं माध्यम आणि जास्त दिवस लागतात. म्हणून नमुना देताना ‘एएफबी कल्चरही करा’ असं फॉर्मवर असायला हवं. एएफबी म्हणजे क्षयाचे जंतू आणि त्यांचे हे भाऊबंद. भराभर वाढणारी जात आठवड्याभरात उगवते. क्षयाच्या जंतूला सहा आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं, पण सीबीनॅट या जनुकीय तपासणीत त्याचा माग त्याच दिवशी लागू शकतो.

इथे एक चूक होते ती सांगतो. काचपट्टीवर लाल जंतू दिसले की लगेच ‘टीबी’ म्हणून एकेटीच्या, म्हणजे क्षयाच्या, गोळ्या चालू होतात. पट्टीवर हे भाऊबंद सारखेच दिसतात, आणि पाण्यातल्या जातीवर क्षयाची नेहमीची औषधं बहुधा चालत नाहीत. तिला दोन-तीन वेगळी औषधं मिळून काही महिने द्यावी लागतात. जात नक्की झाल्याशिवाय महिनोन्महिन्यांचा कोर्स सुरू करू नये.

नमुना कसा घेतला यावर सगळं अवलंबून आहे. वरून कापसाची काडी फिरवली तर कातडीवर नेहमी असणारे जंतूच रिपोर्टात येतात. आधी सलाईनने वरचा भाग धुवून, मग सुईने ओढलेला आतला पू किंवा कापलेला छोटा तुकडा हवा. तुकडा घेतला तर त्याचे दोन भाग करायचे : एक फॉर्मेलिनमध्ये बायॉप्सीला, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये कल्चरला. अख्खा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला तर जंतू मरतात आणि कल्चर करायला काहीच उरत नाही. टेबलावर जाण्याआधी दोन बाटल्या तयार आहेत का, एवढं नातेवाइकांनी विचारलं तरी पुरे. आणि शक्य असेल तर नमुना नवी अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या. ताप नसताना दोन दिवस थांबता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

पुढे पाळी सुरू झाल्यावर टाक्याजवळची गाठ दर पाळीला दुखायला आणि फुगायला लागली तर ते बहुधा पिकणं नव्हे. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजल्या की असं होतं. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

प्रश्न : बायकोचं सिझर होऊन ४ दिवस झाले, उद्या घरी सोडणार. कशावर लक्ष ठेवू? कधी धावत जायचं? (घाटकोपर)

उत्तर : रोज एकाच वेळी, एकाच उजेडात टाक्याचा मोबाइलवर फोटो काढा. लाली दिसली तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. सहा तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर फोन न करता सरळ दवाखाना गाठा. टाका बहुधा चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास पिकतो, म्हणजे घरी आल्यावरच. थोडं दुखणं, खाज, टाक्याच्या वर बधिर वाटणं हे चालतं. आज कालपेक्षा जास्त दुखतंय, हे चालत नाही.

त्याच दिवशी न्यायचं : १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पू, घाण वास, टाक्याच्या कडा सुटणं, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी. रात्र असली तरी लगेच, गरज पडल्यास १०८ ला फोन करून : टाक्यातून एकदम भसकन गुलाबी पाणी आलं (आतला पडदा उसवल्याची ही खूण असते), दिसतंय त्याच्या मानाने वेदना असह्य आहेत, कातडी जांभळी-काळी पडतेय, दम लागतोय, एकच पाय सुजलाय, किंवा ती बरळतेय.

प्रश्न : सुनेचं वजन ८८ किलो आहे. टाका पोटाच्या घडीखाली जातो, तिथे सतत घाम. डॉक्टर म्हणाले कोरडं ठेवा, पण कसं ठेवायचं ते सांगितलं नाही. एक खोलीचं घर, सकाळी ठरल्या वेळी पाणी येतं. (भांडुप)

उत्तर : वरची कातडी ४८ तासांत मिटते, त्यानंतर अंघोळीला हरकत नाही. उलट अंघोळ टाळल्याने घाम आणि मळ घडीत साचतो. मोरीत स्टुलावर न बसता उभ्याने अंघोळ करू दे, बसलं की घडी मिटते. पाणी त्या सकाळच्या नळाचं, पिंपात दोन-तीन दिवस साठवलेलं आणि दहा हातांनी मग बुडवलेलं नको. साबणाचं पाणी टाक्यावरून वाहू द्यायचं, घासायचं नाही. डेटॉल, सॅव्हलॉन लावायचं नाही. त्याने नवी कातडी भाजते.

खरं काम अंघोळीनंतरचं. टाक्यासाठी वेगळं कापड ठेवा. जुन्या मलमलीचे वीतभर रुंद, हातभर लांब असे ८-१० तुकडे फाडा. धुऊन वाळवा आणि वर इस्त्री फिरवा, कारण पावसाळ्यात ‘वाळलेला’ कपडाही आतून दमट असतो. एका तुकड्याने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. मग सुनेने पाठीवर उताणं पडावं, एका हाताने पोट वर उचलून धरावं आणि पंख्याखाली १५ मिनिटं तशीच राहावं. बाळ झोपलं असेल तेव्हा दिवसातून तीनदा. उठण्याआधी दुसरा कोरडा तुकडा घडीत सपाट ठेवायचा, म्हणजे कातडीला कातडी लागत नाही. तो ओलसर लागला की बदलायचा. जुलैच्या मुंबईत दिवसाला चार-पाच तुकडे सहज लागतील. पॅडचे प्लॅस्टिक पाठ असलेले तुकडे तिथे ठेवू नका, ते घाम कोंडतात. चड्डी सुती आणि बेंबीपर्यंतची, म्हणजे इलॅस्टिक टाक्यावर येत नाही. पावडर नकोच. घामात तिचा लगदा होऊन टाक्यात बसतो.

घडीत खाज सुटून लाल चट्टा पडला, त्याच्या कडेला सुटे लाल ठिपके असले आणि टाका मात्र मिटलेला असला, तर ते बुरशीचं लक्षण आहे. त्यावर मलम वेगळं असतं. अँटिबायोटिकने ते वाढू शकतं, म्हणून दाखवून घ्या.

आणि पाणी दुसऱ्या कोणी भरा. २० लिटरची बादली म्हणजे २० किलो. पहिले ६ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्याने बसायचं. खोकला आला की टाक्यावर उशी दाबून धरायची.

प्रश्न : आठव्या दिवशी टाके उसवले. डॉक्टरांनी पू काढला आणि जखम उघडीच ठेवली. लगेच शिवत का नाहीत? रोज नर्स येते, रविवारी मात्र घरीच ड्रेसिंग करावं लागतं. (दहिसर)

उत्तर : पू असताना वरून शिवलं तर पू आत कोंडतो आणि पहिल्या पत्रासारखी गत होते. जखम तळापासून वर भरत यायला हवी. तळ लालभडक, डाळिंबाच्या दाण्यांसारखा दाणेदार झाला आणि हात लागताच किंचित रक्त येऊ लागलं की जखम तयार झाली. त्यावर पिवळट चिकट साय दिसली तरी घाबरू नका, साय म्हणजे दर वेळी पू नव्हे. तळ स्वच्छ झाल्यावर पुन्हा टाके घालता येतात, मग साधारण दोन-तीन आठवड्यांत काम होतं. न शिवता भरू दिली तर खोलीप्रमाणे दोन महिनेही लागतात. कधी शिवणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

रविवारसाठी. वेदनेची गोळी अर्धा तास आधी. हात साबणाने नीट धुवा, अंगठ्या-बांगड्या काढून. सलाईनची १०० मिलीची बाटली आणा. मोठी बाटली उघडून आठवडाभर वापरणं हीच जंतूंची सोय. जुना गॉज चिकटला असेल तर ओढू नका, सलाईन टाकून पाच मिनिटं थांबा, नाहीतर नवे दाणे त्याच्याबरोबर उखडतात. बिनसुईच्या २० मिलीच्या सिरिंजने सलाईनची धार मारून तळ धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला समाधान देतो, पण तो जंतूंबरोबर आपल्या नव्या पेशीही मारतो.

मग नवा गॉज सलाईनमध्ये भिजवा, पिळा आणि पोकळीत सैलसर भरा. उशीत कापूस कोंबतात तसा कोंबला तर रक्त पोचत नाही. गॉज शक्यतो एकच लांब पट्टी असावा आणि तिचं टोक बाहेर दिसेल असं ठेवा. तुकडे वापरलेच तर आकडा कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी मोजून काढा. आत विसरलेला एक तुकडा महिनोन्महिने पू काढायला पुरतो. ओला गॉज जखमेच्या कडेवर चढू देऊ नका, कातडी पांढरी पडून सुटते. वर कोरडं पॅड आणि कागदी चिकटपट्टी.

ताटाकडेही बघा. बाळंतिणीला तूपभात आणि पातळ वरण भरपूर मिळतं, प्रथिनं मात्र तोकडी पडतात. अंगावर पाजताना दिवसाला ६० ते ६५ ग्रॅम तरी लागतात, उघडी जखम असेल तर थोडी जास्तच. २ अंडी, २ ग्लास दूध, २ वाट्या घट्ट वरण, बांगड्याचा एखादा मोठा तुकडा आणि ४ पोळ्या एवढ्यात ते जमतं. मासे-अंडी खात नसाल तर ५० ग्रॅम पनीर, मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर उसळ. अळिवाचे लाडू लोहासाठी चांगले, पण लोहाच्या गोळ्यांची जागा ते घेत नाहीत. गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात.

प्रश्न : शेक-शेगडी, धुरी, मालीश, पोटपट्टा. सिझरनंतर यातलं काय चालतं? (गिरगाव)

उत्तर : मालीश हातापायाला आणि पाठीला चालेल. टाक्यावर आणि ओटीपोटावर ६ आठवडे तेल नको. खाटेखाली शेगडी ठेवू नका. टाक्याभोवतीची कातडी काही महिने बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही, आणि बंद खोलीतला निखाऱ्याचा धूर बाळाला घातक आहे. हळद, राख, नारळतेल उघड्या टाक्यावर नको. पोटपट्टा चालताना बरा वाटत असेल तर बांधा, झोपताना सोडा, आणि आत घाम आला की काढा. त्याने जखम लवकर भरते असं काही नाही.

प्रश्न : पहिल्या सिझरला टाके पिकले होते. दुसरं पुढच्या महिन्यात ठरलंय. या वेळी गरोदरपणातला मधुमेह निघाला आहे. मशेरीची सवय आहे. आधीच काय करता येईल? (ट्रॉम्बे)

उत्तर : मशेरी आजपासून बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्याच्या कडांना रक्त कमी पडतं. महिना हातात आहे, तेवढ्याने फरक पडतो. साखर उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत आणा. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्त होतात, म्हणून त्याच जंतूने शेजारणीचा टाका पिकत नाही आणि तुमचा पिकतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आत्ताच सांगा, शेवटच्या आठवड्यात गोळ्यांनी ते चढत नाही.

मागच्या वेळचा कल्चर रिपोर्ट शोधून केसपेपरला लावा. त्यावरून या वेळची अँटिबायोटिक ठरू शकते. अंगावर कुठे गळू असेल, दात पिकला असेल, लघवीला जळजळत असेल तर ऑपरेशनआधी त्यावर उपचार करून घ्या. आदल्या रात्री आणि त्या सकाळी साबणाने अंघोळ करा. घरून रेझर फिरवून जाऊ नका. पात्याने डोळ्यांना न दिसणारे काप पडतात आणि रात्रभरात जंतू त्यात घर करतात. केस काढायचेच असतील तर तिथे, ऑपरेशनच्या थोडं आधी, क्लिपरने.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. अँटिबायोटिकचं इंजेक्शन काप घेण्याआधीच्या ६० मिनिटांत मिळेल ना? बाळ बाहेर आल्यावर दिलेलं तितकं काम करत नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर ती याच वेळी सांगा. चरबीचा थर २ सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर तो वेगळा शिवणार ना? नाहीतर तिथे पोकळी राहते. आणि कातडीला पिना मारणार की टाके घालणार? टाक्यांमध्ये जखम उसवायचं प्रमाण कमी आढळतं.

बाळंतपणानंतर साखर उतरली म्हणून फाइल बंद करू नका. बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लसीला जाल त्या सकाळी उपाशीपोटी निघा, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी त्याच फेरीत करून घ्या.